पार्श्वभूमी: आर्मस्ट्राँगची कबुली आणि लोकांचा राग

18 जानेवारी 2013, शुक्रवार. कोल्हापुरात सकाळचे साडेसात वाजले होते. शुक्रवार पेठेत आत्याच्या स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी बसलो होतो आणि आत्या चहा गाळत होती. अमेरिकेत गुरुवारची रात्र होती. टीव्हीवरच्या मुलाखतकार ओप्रा विन्फ्रे यांच्यासमोर लान्स आर्मस्ट्राँग बसला होता, टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सात वेळा जिंकलेला अमेरिकी सायकलपटू. मुलाखत सोमवारी, 14 तारखेलाच ऑस्टिनमध्ये चित्रित झाली होती आणि तो काय बोलला हे थोडंफार फुटलंही होतं. तरी पहिली दोन मिनिटं श्वास रोखून पाहिली. विन्फ्रेंनी सुरुवातीलाच सांगितलं की उत्तरं फक्त हो किंवा नाही अशी द्यायची. बंदी असलेली औषधं घेतली का? हो. ईपीओ, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन? हो. रक्त काढून ठेवून पुन्हा चढवलं का? हो. टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिझोन, ग्रोथ हार्मोन? हो. टूर द फ्रान्सच्या सातही विजयांच्या वेळी? हो.

पुढच्या दोन-तीन दिवसांत जगभरातून जी प्रतिक्रिया आली, तिच्यात सुटकेचा निःश्वास जवळपास नव्हताच. चूक कबूल करणाऱ्याला लोक सहसा सांभाळून घेतात. इथं उलटं झालं, कबुलीनंतर राग वाढला. याचं कारण त्या दोन भागांच्या मुलाखतीत सापडत नाही, त्यासाठी चौदा वर्षं मागं जावं लागतं.

सायकल शर्यतीत औषधं नवी नव्हती. 13 जुलै 1967 रोजी टूरमध्येच मों व्हांतूच्या चढावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू कोसळून मेला, त्याच्या शरीरात अँफेटामिन हे उत्तेजक सापडलं. 1998 मध्ये फेस्टिना संघाचा मालीशवाला विली व्होएत फ्रान्स-बेल्जियम सरहद्दीवर औषधांनी भरलेल्या गाडीसह पकडला गेला आणि अख्खी टूर मोडायच्या बेतात आली. त्यामुळे 1999 ची टूर ‘नव्या सुरुवातीची टूर’ म्हणून गाजवली गेली. ती जिंकली आर्मस्ट्राँगनं. ऑक्टोबर 1996 मध्ये त्याला वृषणाचा कर्करोग असल्याचं निदान झालं होतं. रोग फुप्फुसात आणि मेंदूपर्यंत पोचला होता. त्यातून उठून हा माणूस जगातली सगळ्यात खडतर शर्यत जिंकतो, ही गोष्ट कुणाला नको होती? सायकलिंग संघटनेला हवी होती, प्रायोजकांना हवी होती, आणि मलाही हवी होती.

ईपीओ म्हणजे काय, हे मला कुठल्या लेखातून कळलं नाही, आत्याच्या फ्रीजमुळे कळलं. 2009 मध्ये तिची केमो चालू होती आणि हिमोग्लोबिन सारखं उतरायचं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवायचं होतं. बोटभर लांबीची भरलेली सिरिंज, पेन्सिलीएवढी जाड. मूत्रपिंडात तयार होणारं हे संप्रेरक तांबड्या पेशी वाढवतं. आजारी माणसाला त्यानं जिना चढण्याइतकी ताकद येते. धडधाकट सायकलपटूनं घेतलं तर रक्त जास्त प्राणवायू वाहून नेतं, आणि तीन आठवडे रोज घाट चढणाऱ्याला तेवढा फरक पुरेसा असतो. रक्त दाट होऊन गुठळी होण्याचा धोका वेगळाच. मी स्वतः रविवारी पन्हाळ्याचा चढ सायकलनं चढतो. शेवटच्या वळणावर छाती फुटायला येते, तेव्हा प्राणवायूचा एक जास्तीचा घोट म्हणजे काय, ते नीट कळतं.

1990 च्या दशकात हे औषध पकडणारी चाचणीच नव्हती. 1997 पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं एवढाच नियम केला की रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण 50 टक्क्यांवर गेलं तर खेळाडूला काही दिवस बाजूला बसवायचं. म्हणजे 49 पर्यंत मोकळं रान. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या सुमाराला चाचणी आली, तर मंडळी स्वतःचंच रक्त आधी काढून, पिशव्यांत साठवून, शर्यतीच्या मध्ये चढवून घेऊ लागली. आर्मस्ट्राँगचा सहकारी फ्लॉइड लँडिस यानं नंतर सांगितलं की 2003 मध्ये स्पेनमधल्या घरात अशा पिशव्या ठेवलेल्या फ्रीजवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे दिलं होतं.

आत्याच्या हातात त्या काळात पिवळा रबरी पट्टा असायचा. आर्मस्ट्राँगच्या कर्करोग प्रतिष्ठानानं 2004 मध्ये नायकेबरोबर एक डॉलरला एक असे हे पट्टे काढले आणि ते कोट्यवधींनी खपले. माझा महाद्वार रोडवर घेतलेला वीस रुपयांचा नकली पट्टा मी तिला दिला होता. केस गळाले, तोंड आलं, तरी तिनं तो काढला नाही. त्या पट्ट्यानं तिला बरं केलं असं कुणीच म्हणणार नाही. पण ‘तो उठला तर मी पण उठतो’ असं ती म्हणायची, कोल्हापूरच्या बायका बोलतात तसंच. तिच्यासारखी लाखो माणसं जगभर होती, म्हणून या माणसावर शंका घेणं म्हणजे रोग्याच्या जखमेवर मीठ चोळण्यासारखं वाटायचं. या ढालीचा त्यानं पुरेपूर वापर केला. 2005 मध्ये सातवी टूर जिंकल्यावर पॅरिसमध्ये उभं राहून त्यानं शंका घेणाऱ्यांना सुनावलं, की तुम्हाला मोठी स्वप्नं पाहता येत नाहीत, चमत्कारांवर विश्वास ठेवता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

शंका घेणारे म्हणजे होते कोण? या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची माणसं वाटतात ती हीच.

एमा ओ’रायली ही त्याच्या संघाची मालीशवाली. तालमीत ज्याचा हात पैलवानाच्या पाठीवरून रोज फिरतो त्याला त्याचं अंग वस्तादापेक्षा जास्त ठाऊक असतं. कुठं गाठ आलीय, कुठं सुई टोचलीय, त्याच्यापासून काहीच लपत नाही. 1999 च्या टूरमध्ये आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड सापडलं, तेव्हा सीटवर घासून झालेल्या जखमेच्या मलमाची मागच्या तारखेची चिठ्ठी डॉक्टरकडून कशी तयार करून घेतली, हे तिनं सांगितलं. दंडावरचे सुयांचे व्रण झाकायला त्यानं तिच्याकडे मेकअप मागितला, हेही सांगितलं. डेव्हिड वॉल्श आणि पिएर बॅलेस्टर या पत्रकारांच्या 2004 च्या पुस्तकात हे छापून आलं. मग तिच्यावर खटला भरला गेला आणि ती दारुडी आहे, वेश्या आहे, असं बोललं गेलं. वॉल्शचं वृत्तपत्र संडे टाइम्स, त्यालाही कोर्टात ओढलं आणि 2006 मध्ये त्याला पैसे मोजून तडजोड करावी लागली.

बेट्सी अँड्र्यू, सहकारी फ्रँकी अँड्र्यूची बायको. 1996 मध्ये इंडियानापोलिसच्या रुग्णालयात आर्मस्ट्राँगनं डॉक्टरांना आपण घेतलेल्या औषधांची नावं सांगितली, तेव्हा ती खोलीत होती. हे तिनं शपथेवर सांगितलं, आणि पुढची कित्येक वर्षं ‘वेडी’, ‘जळणारी’ ही विशेषणं ऐकली. ख्रिस्तॉफ बासों हा फ्रेंच सायकलपटू 1999 च्या टूरमध्ये औषधांविरुद्ध लिहीत-बोलत होता. धावत्या शर्यतीत आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी आला आणि घरी जा म्हणाला. तो खरोखर शर्यत सोडून गेला.

आणि फिलिपो सिमेओनी. हे दृश्य मी तेव्हा पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या, याची मला आजही लाज वाटते. आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध, मिकेले फेरारीविरुद्ध, सिमेओनीनं साक्ष दिली होती. 2004 च्या टूरमध्ये तो पुढच्या टोळीकडे निघाला. एकूण क्रमवारीत त्याचा आर्मस्ट्राँगला काडीचाही धोका नव्हता. तरी एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्याची पिवळी जर्सी घातलेला विजेता स्वतः त्याच्या मागं धावला. सिमेओनीला मागं फिरावं लागलं, आणि आर्मस्ट्राँगनं कॅमेऱ्याकडे पाहत ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. मला वाटलं, काय रुबाब आहे. ती खूण साक्षीदाराला तोंड बंद ठेवायची धमकी होती, हे कळायला मला आठ वर्षं लागली.

2010 मध्ये लँडिसनं तोंड उघडलं. त्याचं स्वतःचं 2006 चं टूर विजेतेपद औषधांपायीच गेलं होतं, त्यामुळे आधी कुणी त्याचं ऐकेना. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, ट्रॅव्हिस टायगार्ट यांच्या नेतृत्वाखाली, धागा सोडला नाही. 10 ऑक्टोबर 2012 रोजी हजारावर पानांचा अहवाल बाहेर आला. 26 साक्षीदार, त्यातले 11 जुने सहकारी. आठवड्यात नायकेनं हात झटकले, 22 ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय संघटनेनं सातही विजेतेपदं काढून घेतली. नोव्हेंबरमध्ये आर्मस्ट्राँगनं स्वतःचा एक फोटो टाकला: घरातल्या सोफ्यावर आडवा पडलाय आणि भिंतींवर सात पिवळ्या जर्सी, चौकटीत. 1996 चा विजेता ब्यार्ने रीस यानं 2007 मध्ये पत्रकार परिषदेत ईपीओ घेतल्याचं कबूल केलं होतं. तो म्हणाला होता, जर्सी घरी खोक्यात पडलीय, येऊन घेऊन जा. त्याचंही वागणं धुतल्या तांदळासारखं नव्हतं, पण लोकांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याच.

म्हणजे जानेवारीत कबुली आली तेव्हा औषधांबद्दल नवं काहीच उरलं नव्हतं. लोक वाट पाहत होते ती या माणसांविषयी तो काय बोलतो याची. एमावर खटला भरला होता का, असं विचारल्यावर तो म्हणाला, इतक्या जणांवर भरले की आठवत नाही. रुग्णालयातल्या खोलीबद्दल बोलायला नकार दिला. बेट्सीला फोन केला होता म्हणाला, आणि मी तुला वेडी म्हटलं पण जाडी म्हटलं नाही, असा विनोद केला. त्याच रात्री बेट्सी दूरचित्रवाणीवर थरथरत बोलली: एवढं खरं तू माझं देणं लागत होतास. फसवतोय असं वाटायचं का, यावर त्यानं शब्दकोशात ‘फसवणूक’चा अर्थ पाहिल्याचं सांगितलं, सगळेच घेत होते, तेव्हा मैदान सारखंच होतं, असा त्याचा हिशोब. बासोंसारख्या न घेणाऱ्याचं मैदान त्यात कुठं आलं? दुसऱ्या दिवशीच्या भागात, माझी बाजू घेऊन भांडू नकोस असं मुलाला सांगावं लागलं, हे बोलताना त्याचे डोळे भरले. तेवढंच मला खरं वाटलं.

आत्या मध्येच म्हणाली, “हेच व्हय ते? फ्रीजमधलं?” मी हो म्हटलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, “अन् ती मालीशवाली? तिची माफी मागतोय का न्हाई ह्यो?”

कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न आधी सुचावा, याचं मला नवल वाटत नाही. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेल्या खासबागेत चितपट झालेल्या पैलवानालाही लोक पाठीवर थाप देऊन पाठवतात. पण नुरा कुस्ती, म्हणजे दोघांनी आधी ठरवून लढलेली, ओळखू आली की तेच लोक उठून ओरडायला लागतात. समोरच्या जोडीशी आणि तिकीट काढून आलेल्या माणसाशी दगा झालेला असतो. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला गेले ते राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या 7,000 रुपयांवर. कांस्यपदक घेऊन परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि ते घर सोडवलं. खेळाडू कुणाचं देणं लागतो, हे इथं पोरांना असं कळतं.

म्हणून आपल्याकडचं चित्र जास्त टोचतं. त्रिवार महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर स्टेरॉइड चाचणीत सापडला. घातपात झाल्याचं त्याचं म्हणणं आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं मानलं, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं मानलं नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत पॉझिटिव्ह नमुन्यांच्या टक्केवारीत भारत अलीकडे सगळ्यात वर आहे. 2022 मध्ये हे प्रमाण 3 टक्क्यांहून जास्त होतं. शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब वाढवायचं मेफेंटरमाइन जिममधल्या पोरांना चोरून विकणारे पकडल्याच्या बातम्या आपल्या भागातूनही येतात. ती पोरं कुठल्याही विजेतेपदासाठी लढत नाहीत, त्यांना फक्त दंड दिसायला हवेत. त्यांची नाडी कुणी पाहत नाही.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वर्षाच्या शेवटी आलं. नोव्हेंबर 2013 मध्ये आर्मस्ट्राँग आणि एमा ओ’रायली फ्लोरिडात भेटले आणि त्यानं समोरासमोर माफी मागितली. तिनं ती स्वीकारली. ती तोवर मँचेस्टरजवळ स्वतःचं उपचार केंद्र चालवत होती. मी आत्याला सांगितलं तेव्हा तिनं फक्त वर्षं मोजली. पुस्तक 2004 चं, म्हणजे नऊ. तिचा पट्टा आजही कपाटात आहे, तो तिनं टाकला नाही आणि परत घातलाही नाही.

अमेरिकेच्या सरकारी टपाल खात्यानं प्रायोजक म्हणून आर्मस्ट्राँगच्या संघावर सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर खर्च केले होते. त्या फसवणुकीचा दावा 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर मिटला. त्यातले 11 लाख, फसवणूक उघड करणारा म्हणून, कायद्यानुसार लँडिसला मिळाले. टूरच्या अधिकृत यादीत 1999 ते 2005 या सात वर्षांसमोर कुणाचंच नाव नाही. लँडिसचं 2006 चंही गेलेलं असल्यामुळे टूर द फ्रान्स जिंकणारा अमेरिकी पुरुष यादीत आता एकच उरला आहे: ग्रेग लेमंड, 1986, 1989 आणि 1990 चा विजेता. आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरबद्दल 2001 मध्ये जाहीर शंका घेतल्यामुळे ज्याला माफीनामा छापावा लागला होता आणि ज्याच्या नावाच्या सायकली पुढं बाजारातून गेल्या, तोच हा.