लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलची निवड

लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) ही एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा आहे. त्यातले एक चाक नुसतेच गरगरू लागले, तर ती त्याला आवर घालते आणि दुसऱ्याकडे जास्त टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, पोचवते. वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला पडतो, म्हणून डिफरन्शियल लागतेच. साध्या डिफरन्शियलची अडचण ही, की ते टॉर्क दोघांना सारखाच वाटते. डावे चाक चिखलात असून १०० न्यूटन-मीटरच पेलत असेल, तर कोरड्या डांबरावरच्या उजव्यालाही १००च मिळतात. मग इंजिनात दम कितीही असो.

या दुखण्यावरचा उपाय शर्यतीतून आला. फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियन या मोटार कंपनीसाठी रचलेल्या ग्रां प्री मोटारींचे मागचे एक चाक भरधाव वेगातही गरगरत राही. १९३५ मध्ये त्यांनी झेडएफ या जर्मन कंपनीकडून यावर तोड काढून घेतली. अमेरिकेत पॅकार्डने १९५६ च्या मोटारींना असे डिफरन्शियल देऊ केले.

आज निवड करायची ती मुख्यतः दोन प्रकारांतून: हेलिकल गिअरचे आणि क्लच प्लेटचे. तिसरा, व्हिस्कस प्रकार, सिलिकॉन द्रवाच्या चिकटपणावर चालतो. चाक घसरल्यानंतरच तो जागा होतो आणि द्रव जुना झाला की मंदावतो. मुद्दाम विकत घेऊन बसवावा असे त्यात फारसे काही नाही. माझ्दा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत १.६ लिटरच्या मोटारीला व्हिस्कस एलएसडी मिळे. १९९४ च्या मॉडेलपासून, १.८ लिटर इंजिनाबरोबर, त्याची जागा टॉर्सन या हेलिकल डिफरन्शियलने घेतली.

टॉर्सन, क्वाइफ ही हेलिकल घराण्यातली नावे. यात तिरप्या दात्यांचे गिअर भार पडताच एकमेकांवर आणि डिफरन्शियलच्या कवचावर दाबले जातात, आणि त्या घर्षणातून टॉर्क जास्त पकड असलेल्या चाकाकडे वळतो. किती वळेल हे एका गुणोत्तराने सांगतात. ते २.५ असेल, तर वरच्या उदाहरणात डाव्या चाकाला १०० आणि उजव्याला २५० न्यूटन-मीटरपर्यंत मिळू शकतात. पण हा गुणाकार आहे, आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेवर, चढून आतले चाक हवेत गेले, की हेलिकल डिफरन्शियल साध्यासारखेच वागते. त्या क्षणी ब्रेक हलकेच दाबला तर उचललेल्या चाकावर थोडा भार येतो आणि काम भागते. ट्रॅकवर मात्र दर फेरीत हे करत बसणे परवडत नाही.

क्लच प्लेटच्या प्रकारात एकमेकींवर घासणाऱ्या प्लेटा असतात. त्यांच्यावर स्प्रिंगचा दाब (प्रीलोड) आधीपासून असतो, त्यामुळे चाक उचलले तरी दुसऱ्याला काही ना काही मिळत राहते. वर टॉर्क वाढेल तसा मधला दांडा (पिनियन शाफ्ट) त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशर रिंगांच्या उतारावर चढतो, त्यांना फाकवतो आणि प्लेटा आवळल्या जातात. हा उतार ४५ अंशांचा असेल तर आवळ जोरात, ८० अंशांचा असेल तर नावापुरता. प्लेटांची संख्या आणि रचना बदलूनही हा जोर कमी-जास्त करता येतो. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एम३ (ई३०) मधले २५ टक्के लॉक म्हणजे दोन चाकांतला फरक एकूण टॉर्कच्या चतुर्थांश, साधारण ६२.५ विरुद्ध ३७.५ अशी वाटणी. कागदावर हे किरकोळ वाटते, पण रस्त्यावरच्या मोटारीला बहुधा एवढे पुरते.

वन-वे, दीड-वे, टू-वे ही नावेही याच उतारांवरून आली. वन-वे फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवळते. टू-वे पाय काढल्यावरही तितकेच आवळते, म्हणून ब्रेक मारताना मोटार सरळ आणि स्थिर राहते, पण वळणात शिरायला कुरकुरते. ड्रिफ्टवाल्यांना ते हवे असते. दीड-वे या दोहोंच्या मधले, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक मोटारीला सहसा तेच मानवते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत जास्त लॉक घातला की स्टिअरिंग हातातून ओढले जाते. १९९० च्या दशकातल्या होंडाच्या इंटेग्रा आणि सिव्हिक टाइप-आरमध्ये हेलिकलच होते, ते उगाच नव्हे.

‘लॉक जितका जास्त तितके चांगले’ हा समज पावसात अंगाशी येतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एकच मागचे चाक घसरते आणि दुसरे शेपूट धरून ठेवते. आवळलेल्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही एकदम सुटतात, आणि मोटारीची शेपटी बाहेर जाते. ओल्या घाटात रोजची ये-जा करणाऱ्याने हेलिकल घ्यावे, महिन्यातून एकदा ट्रॅकवर जात असला तरी. प्लेटचे घ्यावे ते मोटार खरोखर कर्ब चढून चाक उचलत असेल किंवा स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या शर्यतीच्या, टायरवर धावत असेल तेव्हाच. आणि आतले चाक फार उचलले जात असेल, तर आधी अँटी-रोल बार (वळणात मोटारीचे कलणे रोखणारा दांडा) आणि स्प्रिंग तपासावेत. सस्पेन्शनमधला दोष डिफरन्शियलवर खर्च करून झाकणे महागात पडते.

महाराष्ट्रात ‘डिफरन्शियल लॉक’ म्हटले की बहुतेकांना थार आठवते. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मिळणारे ईटनचे मेकॅनिकल लॉकर कमी वेगात चाक गरगरले की दोन्ही बाजू पूर्ण जखडते. ते चिखल-वाळूतून सुटण्यासाठी असते. ब्रेक लावून गरगरणारे चाक आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही रस्त्यावर उत्तम चालते. ट्रॅकवर मात्र तिच्यापायी ब्रेक तापतात.

देखभालीचा भार प्लेटवाल्यावर जास्त. घर्षण सौम्य करणारे अ‍ॅडिटिव्ह तेलात नसेल, तर पार्किंगमध्ये वळताना कटकट ऐकू येते. प्लेटा झिजल्या की त्या बदलाव्याही लागतात. हेलिकलला तसले अ‍ॅडिटिव्ह लागत नाही. अ‍ॅक्सलची दोन्ही टायर सारख्याच झिजेची असावीत. छोट्या व्यासाच्या स्टेपनीवर लांबचा प्रवास केल्यास प्लेटा सतत घासत राहतात. प्लेटचे एलएसडी बसवलेल्या मोटारीचे इंजिनावर फिरणारे एकच चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये टाकू नये. जमिनीवरचे चाक ओढ घेते आणि मोटार जॅकवरून उतरते.