फर्ग्युसन यांची नोकरी एका गोलाने वाचली नव्हती

७ जानेवारी १९९०. इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेत मार्क रॉबिन्सने नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध हेडर मारला, मँचेस्टर युनायटेड १-० जिंकलं आणि संघाचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांची गच्छंती टळली, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. पण क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी नंतर स्पष्ट केलंय, की संघ हरला असता तरी फर्ग्युसन यांना काढणार नव्हते. वर्तमानपत्रं आणि प्रेक्षक खवळले होते, हे खरं. पण संचालकांना पडद्यामागचं काम दिसत होतं. क्लबची युवा फळी फर्ग्युसन नव्याने बांधत होते. शिवाय याच माणसाच्या हाताखाली स्कॉटलंडच्या ॲबर्डीन क्लबने १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून कप विनर्स कप ही युरोपीय स्पर्धा जिंकली होती! सगळं श्रेय त्या हेडरला देणं हा मला एडवर्ड्स यांच्या धीरावर अन्याय वाटतो. मे महिन्यात युनायटेडने तोच एफए कप उचलला.