‘फॅक्टरी’ म्हणजे वखार की कारखाना? एका इंग्रजी शब्दाची पार्श्वभूमी

शिवकाळाच्या अभ्यासकाला ज्या परकीय साधनांवाचून गत्यंतर नाही, त्यांत इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा सुरत, राजापूर, कारवार, मुंबई इत्यादी ठिकाणचा पत्रव्यवहार अग्रभागी आहे. लंडनच्या दप्तरात हा पत्रव्यवहार ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ या नावाखाली लावलेला आहे आणि या नावातल्या पहिल्या शब्दामुळे एक चूक मराठीत वारंवार शिरत आली आहे. ‘इंग्रजांनी सुरतेत कारखाना काढला’, ‘राजापूरचा इंग्रजांचा कारखाना लुटला गेला’ अशी वाक्ये आजही लेखांतून आणि अनुवादांतून भेटतात. वस्तुतः सतराव्या शतकात सुरतेला किंवा राजापूरला इंग्रज काहीही तयार करत नव्हते. ते माल विकत घेत, साठवत आणि जहाजावर चढवत. मराठी इतिहासलेखनात यासाठी रुळलेला ‘वखार’ हा शब्दच बरोबर आहे. इंग्रजांचा शब्द मात्र तेव्हाही ‘फॅक्टरी’ होता आणि आजही ‘फॅक्टरी’च आहे. मधल्या दोनशे वर्षांत त्याचा अर्थ इतका पालटला की खुद्द इंग्रजी वाचकालाही जुनी पत्रे वाचताना थबकावे लागते.

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘फाकेरे’ म्हणजे करणे आणि ‘फाक्तोर’ म्हणजे करणारा. मध्ययुगीन युरोपात व्यापार वाढला, तेव्हा धनी एका शहरात आणि सौदा दुसऱ्या शहरात अशी स्थिती नेहमीची झाली. धन्याच्या वतीने परगावी खरेदी-विक्री ‘करणारा’ जो माणूस, तो फॅक्टर. आपल्याकडच्या बाजारपेठेच्या भाषेत सांगायचे तर गुमास्ता किंवा अडत्या. इंग्रजीत हा शब्द या अर्थाने पंधराव्या शतकात फ्रेंचमार्गे रूढ झाला. म्हणजे आरंभी या शब्दकुळात ना इमारत होती ना यंत्र. होता तो दुसऱ्याच्या भांडवलावर आणि दुसऱ्याच्या विश्वासावर काम करणारा माणूस. स्कॉटलंडमध्ये जमीनदाराची मालमत्ता सांभाळणाऱ्या कारभाऱ्याला आजही फॅक्टर म्हणतात. गणितातला ‘फॅक्टर’, म्हणजे अवयव, हाही याच घराण्यातला.

माणसावरून जागेला नाव पडले ते प्रामुख्याने पोर्तुगीजांमुळे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्गिन येथे १४४५ च्या सुमारास त्यांनी व्यापारी ठाणे उभारले. पुढे १४८२ मध्ये एल्मिना येथे किल्ला बांधला. अशा ठाण्याला पोर्तुगीज भाषेत ‘फेतोरिया’ आणि त्याच्या प्रमुखाला ‘फेतोर’ म्हणत. हीच पद्धत त्यांनी हिंदुस्थानात आणली. काब्रालने १५०० मध्ये कालिकतला फेतोरिया उघडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या हल्ल्यात तिचा फेतोर आयरेस कुरैया मारला गेला. इंग्रजीत ‘फॅक्टरी’ हा शब्द परमुलखातील व्यापाऱ्यांचे ठाणे या अर्थाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. पूर्वेकडच्या व्यापारासाठी लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा, १६०० साली, शब्द आणि पद्धत दोन्ही तयारच होती.

सुरतेच्या वखारीला मोगल दरबाराची परवानगी १६१३ मध्ये मिळाली. ही वखार आतून कशी होती, हे कळल्याखेरीज त्या काळच्या ‘फॅक्टरी’चा नेमका अर्थ ध्यानात येत नाही. खालच्या मजल्यावर मालाच्या खोल्या, वर राहण्याची व्यवस्था, एकाच पंगतीत जेवण, ठरलेल्या वेळी प्रार्थना आणि रात्री दरवाजे बंद, अशी तिची रीत होती. नोकरवर्गाची उतरंड पक्की होती. तळाला रायटर, म्हणजे लेखनिक, पाच वर्षांनी फॅक्टर, त्यानंतर तीन वर्षांनी मर्चंट, मग सीनियर मर्चंट आणि सर्वांच्या वर प्रेसिडेंट. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखनिकाला वर्षाला १० पौंड, फॅक्टरला २० पौंड आणि प्रेसिडेंटला ५०० पौंड मिळत. एवढ्याशा पगारावर भागत नसल्यामुळे जो तो खाजगी व्यापारात हात घाली, हा त्या व्यवस्थेचा मोठा दोष होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. वखारीत माग नव्हते. इंग्रज फॅक्टर दलालाला आगाऊ रक्कम देई, दलाल ती विणकरांपर्यंत पोचवी आणि विणकर आपल्या घरी, आपल्या मागावर कापड विणून ठरलेल्या मुदतीत दलालाकडे देई. कापडाचे तयार ताके वखारीत येत, तेथे ते तपासले जात, गाठोडी बांधली जात आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा हंगाम पाहून सुवाळीच्या बंदरातून रवाना होत. उत्पादनाचे सारे कौशल्य वखारीच्या भिंतींबाहेर, विणकराच्या घरात होते. ‘इंग्रजांनी कारखाना काढला’ असे लिहिले की हा विणकर इतिहासातून नाहीसा होतो. माझा या चुकीवर रोख आहे तो मुख्यतः यासाठी.

राजापूरची गोष्ट याच चौकटीत वाचावी लागते. तेथील इंग्रजांचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफखान्याची मदत केली. व्यापारी ठाण्याने लढाईत पक्ष घेतला, म्हणून शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर चालून जाऊन वखार ताब्यात घेतली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. पुढे १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आला, तेव्हा झालेल्या तहाच्या वाटाघाटींत राजापूरच्या नुकसानीची भरपाई हा एक प्रमुख विषय होता. पैसा आणि माल हेच वखारीचे सर्वस्व असल्यामुळे इंग्रज तो हिशेब तेरा वर्षे विसरले नव्हते.

याच अर्थाने हा शब्द जगभर पसरला. चीनमधील कँटन बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची जी तेरा फॅक्टऱ्यांची ओळ होती, तिच्याशी मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा निकटचा संबंध आला. तेथेही काही बनत नसे, फक्त चहा, रेशीम, कापूस आणि अफू यांचे व्यवहार होत. कॅनडात हडसन उपसागराच्या काठी कातड्यांच्या व्यापारासाठी वसवलेले ‘यॉर्क फॅक्टरी’ हे ठाणे १९५७ पर्यंत चालू होते. पोर्तुगालमधील पोर्तो शहरात मद्याच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले ‘फॅक्टरी हाउस’ अजून उभे आहे. या शब्दाची एक काळी बाजूही सांगितलीच पाहिजे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धरून आणलेली माणसे जहाज येईपर्यंत जेथे कोंडून ठेवली जात, त्या ठाण्यांनाही इंग्रजीत फॅक्टरीच म्हणत. माल साठवण्याची जागा हा अर्थ तेथे माणसांना लावला गेला होता.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘फॅक्टरी’चे अर्थ दिले आहेत ते दूरदेशी व्यापारी राहतात ते घर किंवा वस्ती, आणि अशा व्यापाऱ्यांचा एकत्र समुदाय. उत्पादनाचा त्यांत उल्लेख नाही. सतराव्या शतकातही वस्तू बनवण्याची जागा या अर्थाने हा शब्द क्वचित वापरला गेला होता, पण जॉन्सन यांना तो नोंदवण्याजोगा वाटला नाही. तयार करण्याच्या जागेसाठी तेव्हा ‘मॅन्युफॅक्टरी’ असा स्वतंत्र शब्द होता. ‘मानुस’ म्हणजे हात, म्हणून मॅन्युफॅक्टरी म्हणजे हाताने वस्तू बनवण्याची जागा. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये टाचण्या बनवणाऱ्या दहा माणसांचे जे प्रसिद्ध उदाहरण दिले, श्रमविभागणीमुळे ते दिवसाला ४८,००० टाचण्या तयार करतात असे सांगितले, त्या जागेला त्यांनी मॅन्युफॅक्टरी म्हटले आहे, फॅक्टरी नव्हे. पुढे या लांब शब्दाचा सुरुवातीचा भाग बोलण्यात गळू लागला आणि उरलेले रूप जुन्या ‘फॅक्टरी’शी अक्षरशः जुळले. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, त्यामुळे ही सरमिसळ कोणाला खटकली नाही. म्हणून या अर्थबदलाला मी वखारीचा अर्थ हळूहळू सरकत कारखान्यापर्यंत गेला असे म्हणत नाही. दुसऱ्याच वाटेने आलेल्या अर्थाने जुन्या शब्दाची जागा घेतली.

साठवण आणि उत्पादन अशी दोन्ही कामे जेथे चालत, अशा मधल्या जागाही होत्या. बंगालमध्ये कासिमबाजार येथील डच वखारीत रेशमाच्या कामावर सातशे-आठशे माणसे असत, असे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. तथापि असे प्रकार विरळा होते.

गंमत अशी की यंत्रयुगाच्या पहिल्या मोठ्या इमारतींना फॅक्टरी हे नाव सहजी मिळाले नाही. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये इंग्लंडमधील क्रॉमफर्ड येथे सूतकताईची यंत्रे पाण्याच्या चाकावर चालवली. पाण्याच्या चाकावर तोवर दळण दळले जाई, म्हणून या इमारतींनाही ‘मिल’ म्हणू लागले. मराठीतही पिठाची आणि कापडाची अशी दोन्ही ‘गिरणी’च असते. ‘फॅक्टरी’ला आजचा अर्थ ठामपणे चिकटवला तो ब्रिटनमधील कायद्याने. उमेदवारी करणाऱ्या, म्हणजे काम शिकणाऱ्या, मुलांच्या आरोग्याविषयीच्या १८०२ च्या कायद्यात मिल आणि फॅक्टरी हे शब्द जोडीने येतात. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापड गिरण्यांत मज्जाव केला, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांच्या कामाला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि अंमलबजावणीसाठी चार निरीक्षक नेमले. त्यानंतर अँड्र्यू यूर यांनी १८३५ मध्ये लिहिले की ‘मॅन्युफॅक्चर’ हा मुळात हाताने करण्याचा शब्द आता हाताचा जवळजवळ स्पर्श नसलेल्या, यंत्राने केलेल्या मालाला लागू होतो. १८४४ च्या कायद्यात फॅक्टरीची व्याख्याच आली. वाफ, पाणी वा अन्य यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या यंत्रांवर कापूस, लोकर, रेशीम, अंबाडी, ताग यांचे काम जेथे होते, ती फॅक्टरी. कुंभारकाम, आगकाड्या यांसारखे उद्योग त्यात यायला १८६४ उजाडावे लागले. जॉन्सन यांच्या कोशापासून या व्याख्येपर्यंत अंतर आहे ते ८९ वर्षांचे.

हिंदुस्थानात दोन्ही अर्थ काही काळ शेजारी शेजारी नांदले. बंगाल-बिहारमधील निळीच्या मळेवाल्यांचे ठाणे इंग्रजीत ‘इंडिगो फॅक्टरी’ आणि लोकांच्या तोंडी ‘कोठी’ होते. तेथे मालक राही, कुळांना आगाऊ रक्कम दिली जाई, हौदांत नीळ काढली जाई. वखार आणि उत्पादन यांची ती जोडगोळी होती. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापून ताडदेवला कापडगिरणी उभारली, आणि नव्या अर्थाची फॅक्टरी आपल्या दारात आली. १८८१ चा पहिला हिंदुस्थानी फॅक्टरी कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या, किमान १०० कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागू होता. नीळ, चहा आणि कॉफीच्या मळ्यांतील फॅक्टऱ्या त्याने स्पष्टपणे वगळल्या. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई झाली, परंतु प्रौढ गिरणी कामगाराच्या कामाचे तास वा सुट्टी याबाबत त्यात काहीच नव्हते. म्हणूनच ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साप्ताहिक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती अशा मागण्यांचा अर्ज सुमारे ५,५०० सह्यांनिशी पुढे केला. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली. १८९१ च्या दुरुस्तीने कायद्याची मर्यादा १०० कामगारांवरून ५० वर आणली.

मराठीत या नव्या अर्थासाठी ‘कारखाना’ स्थिरावला. हा फारसी शब्द शिवकाळात ‘अठरा कारखाने’ या रूपात राज्याच्या कोठ्या, शाळा आणि भांडारे यांना लावला जाई, त्यामुळे त्याचाही अर्थ तेव्हाच्या मानाने पुष्कळ आकसला आहे. ‘वखार’ मात्र आपल्या जागी राहिली. लाकडाची वखार गावोगावी आहे आणि धान्य साठवणाऱ्या सरकारी महामंडळाचे नावही वखार महामंडळ असेच आहे. जुनी इंग्रजी पत्रे मराठीत आणणाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत ‘वखार’ हाच पर्याय आधी धरावा आणि संदर्भात यंत्रे वा मजूर स्पष्ट दिसत असतील तरच ‘कारखाना’ लिहावे.

कायद्यातली व्याख्या अद्याप हलतेच आहे. १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती असेल तेथे १० आणि नसेल तेथे २० कामगार असले की ती फॅक्टरी ठरवली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत हे आकडे अनुक्रमे २० आणि ४० झाले. विजेवर चालणाऱ्या, पंधरा माणसांच्या कार्यशाळेला १९४८ च्या व्याख्येप्रमाणे फॅक्टरी म्हणावे लागे. नव्या व्याख्येप्रमाणे ती फॅक्टरी नाही, आणि फॅक्टरीपुरत्या ठेवलेल्या तरतुदी तेथील कामगारांना लागू होत नाहीत.