कुटुंब आणि पालक-शिक्षणात एम.एस्सी. : बेळगाव भागातल्या विद्यार्थ्यांनी अर्ज कसा करावा

‘पालक-शिक्षण’ अशी पाटी लावलेली पदव्युत्तर पदवी शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. आपल्या भागात हा विषय ‘मानव विकास आणि कुटुंब अभ्यास’ या नावाखाली शिकवतात. मूल कसं वाढतं, घरातली नाती कशी बदलतात, आई-वडिलांना मार्गदर्शन कसं करायचं, हे सगळं त्यात येतं.

फॉर्म उघडण्याआधी एकच गोष्ट बघा : तुमची पहिली पदवी कोणती? वाट तिथेच फुटते.

गृहविज्ञानाची, म्हणजे आता ज्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात ती पदवी असेल, तर धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ सर्वांत सोयीचं. खानापूर किंवा बेळगावहून एसटीने दोन-अडीच तासांत पोचता येतं. काही जागा विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेशातून भरतात, तर काही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. दोन्ही अर्ज वेगवेगळे असतात. एक भरला की दुसरा आपोआप होत नाही. इथेच बरेच जण फसतात.

बी.ए., बी.कॉम. झालेल्यांना ती दारं बंद. त्यांनी इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) ‘समुपदेशन आणि कुटुंब चिकित्सा’ ही एम.एस्सी. बघावी. दूरशिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुस्तकं इंग्रजीत असतात, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले काही महिने जड जातात. अर्जासाठी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक क्रेडिट्सच्या ऑनलाइन खात्याचा नंबर) आणि डेब आयडी (दूरशिक्षणासाठी यूजीसीकडे केलेल्या नोंदणीचा नंबर) दोन्ही लागतात. प्रात्यक्षिक असल्यामुळे हा अभ्यासक्रम प्रत्येक अभ्यास केंद्रावर चालत नाही. आपल्या जवळच्या केंद्रावर तो आहे का, हे फी भरण्याआधी विचारून घ्या. मुलींना मुंबईचं एसएनडीटी महिला विद्यापीठ हाही पर्याय आहे, पण तिथल्या मानव विकास विषयासाठी कोणती पदवी चालते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा.

आता कागदपत्रं. दहावीचं (एसएसएलसी) आणि पीयूसीचं (बारावी) मार्क्स कार्ड, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), आधार, फोटो. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. ही यादी कुणीही सांगेल. खरी अडचण असते ती नावाची.

आपल्या शाळांत नाव एका तऱ्हेने लिहिलेलं असतं, आधारवर दुसऱ्या. मार्क्स कार्डावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींच्या आधारवर तर सासरचं आडनाव चढलेलं असतं. एबीसी आयडी आधारवरून निघतो, म्हणून ही तफावत फॉर्मच्या पहिल्याच पानावर आडवी येते. आधार दहावीच्या कार्डाप्रमाणे करून घेणं सगळ्यांत बरं. तेवढा वेळ नसेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीकडचं अ‍ॅफिडेव्हिट जोडा. ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’ याची मात्र काळजी नको; शहराचं अधिकृत नाव 2014 मध्ये बदललं, जुन्या कागदावर जुनं नाव असणारच.

जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) काढावा. त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) वेगळा लिहून ठेवा. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या 3-ब प्रवर्गात येतो. पण हाच दाखला घेऊन महाराष्ट्रात, मुंबईला किंवा कोल्हापूरला, गेलात तर आरक्षणाला उपयोग नाही, तिथे खुल्या प्रवर्गातूनच अर्ज करावा लागतो. निपाणी-चिकोडीकडच्या मुलांना कोल्हापूर इतकं जवळचं की हे लक्षातच येत नाही.

शिष्यवृत्तीचंही तसंच. कर्नाटकातल्या रहिवाशांनी राज्याच्या एसएसपी (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) या संकेतस्थळावर अर्ज करायचा. तिथे तोच आरडी नंबर मागतात, आणि बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही जमा होत नाहीत. बँकेचं हे काम प्रवेशाच्या गर्दीआधीच उरका.