रील जॅकेटला अडकवू नका

स्कूबा शिकणाऱ्यांना एक सल्ला वर्षानुवर्षं मिळत आलाय: बोटीला आपली जागा दाखवणारी हवेची बॅग खालून वर सोडण्याआधी रील (तिच्या दोरीची गुंडाळी) अंगातल्या डाइव्हिंग जॅकेटच्या कडीला अडकवा, म्हणजे ती हातातून निसटून हरवणार नाही. हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

२० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथे बॅगेत ५ लिटर हवा भरली, तर वर पोचेपर्यंत ती १५ लिटर होते. म्हणजे ओढ साधारण १५ किलोची. दोरी मध्येच गुंतली आणि रील तुमच्या अंगाला बांधलेली असली, की बॅगेबरोबर तुम्हीही वर खेचले जाता. इतक्या वेगाने वर येताना श्वास रोखला गेला तर फुप्फुस फाटू शकतं. रील सैल हातात हवी. अडकली की तत्क्षणी सोडून द्यायची. रील पुन्हा विकत मिळते.

म्हणूनच नवख्यांनी दांडा आणि खटका असलेली रील घेण्यापेक्षा साधं फिंगर स्पूल, म्हणजे बोटावर फिरणारं दोरीचं रीळ, घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. अडकायला त्यात काही भागच नसतात. प्रवाहात दोरी तिरकी जाते, त्यामुळे २० मीटरच्या डाइव्हला ३० मीटर दोरी हवी.

आणि बॅग? तळाशी उघडी असलेली लिफ्ट बॅग नांगरासारखं वजन उचलायला ठीक. पण वर दोरी ढिली पडली की ती आडवी होते, हवा निसटते आणि बॅग बुडते. बोटीला आपली जागा दाखवायला एकेरी झडपेची, जादा दाब आपोआप सोडणारी बंद बॅगच घ्या.