राग नव्हे, हिरमोड

लहानपणी दप्तर भिरकावून मी कोपऱ्यात बसले की आजी तांदूळ निवडता निवडता, मान वरही न करता म्हणायची, "राग कसला आलाय? हिरमोड झालाय तुझा." तेवढ्यानं निम्मा फणकारा उतरायचा. समजूत घालणं तर पुढेच असायचं.

२००७ साली लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काहीसं असंच एमआरआय यंत्रात पाहिलं. संतापलेले, घाबरलेले चेहरे दाखवायचे. कधी त्यावरच्या भावनेचं नाव निवडायचं, कधी नुसतं माणसाचं. भावनेचं नाव निवडताना अमिग्डाला, म्हणजे धोका हेरणारी मेंदूतली बदामाच्या आकाराची गाठ, थंडावली आणि कपाळामागचा उजवीकडचा एक भाग कामाला लागला. माणसाचं नाव निवडताना हे घडलं नाही.

२०१२ मध्ये त्यांच्याच चमूनं कोळ्याला घाबरणाऱ्यांना जिवंत टॅरंटुलासमोर उभं केलं. काहींनी भीती जशीच्या तशी बोलून दाखवली, काहींनी 'हा काही करत नाही' अशी मनाची समजूत घातली. आठवड्यानं परत कोळी समोर आला, तेव्हा बोलून दाखवणाऱ्यांच्या हाताला घाम कमी सुटला. मला वाटलं होतं, समजूत घालणारे जिंकतील!

चेहरा कोरा ठेवून 'काही नाही झालं' म्हणणं मात्र वेगळं. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत असं करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण शरीरावरचा ताण उलट वाढला.

आता आपल्याकडचे शब्द बघा: चीड, वैताग, त्रागा, कुढणं, रुसवा. रुसायला समजूत काढणारं माणूस लागतं. बँकेच्या खिडकीवर कुणी रुसत नाही, तिथे चिडतात. म्हणजे 'रुसलोय' हा शब्द सापडला की उपायही त्यातच असतो. हा माझा तर्क, एमआरआयचा नव्हे.

भावनेला नाव द्यावं का, यावर ध्यानाच्या परंपरांचं मात्र एकमत नाही. ब्रह्मदेशातले बौद्ध भिक्खू महासी सयाडो यांच्या पद्धतीत राग उठला की मनात 'राग, राग' अशी नोंद करतात. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात, गोएंका गुरुजींच्या पद्धतीत, शब्दच नको. छातीतली धडधड, कानशिलांची ऊब नुसती बघत राहायची. आजीला यातलं पहिलंच जमलं असतं. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.