जिद्दीला भाकरी कुणी घातली? गरिबाघरच्या मुलांच्या शिक्षणामागची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचे निकाल लागले की चार-आठ दिवस वर्तमानपत्रांत एक बातमी वेगवेगळ्या नावांनी येत राहते. आई धुणीभांडी करते, वडील नाहीत किंवा अंथरुणाला खिळलेत, घर म्हणजे एक खोली, आणि पोरानं नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवलेत. मथळ्यात 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' हे शब्द ठरलेले. या बातम्या मी आवडीनं वाचतो. त्या मुलांचं कौतुक खरंच वाटतं. पण वाचताना काही साधे प्रश्न पडतात. हा मुलगा रोज जेवत कुठे होता? अभ्यासाला दिवा कुणाचा होता? घरातून 'आता पुरे, कामाला लाग' असं म्हणणं आलं असेल, तेव्हा त्याच्या बाजूनं कोण उभं राहिलं? जिद्द मुलाची असते हे खरं, पण तिला रोज दोन वेळा खायला लागतं. ते कुणी घातलं याचा महाराष्ट्रातला इतिहास निदान दीडशे वर्षांचा आहे आणि तो बातमीच्या चौकटीत मावत नाही.

या इतिहासातली जुनी सोय म्हणजे वार आणि माधुकरी. शिकायला परगावी आलेला गरीब मुलगा सात घरं बांधून घ्यायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे वार लागले की जेवणाची चिंता मिटायची. सातपैकी पाचच वार मिळाले, तर उरलेले दोन दिवस चणे-फुटाणे किंवा उपास. ज्यांना वार लागत नसत ते झोळी घेऊन दारोदार माधुकरी मागत. यजमानाकडे सुतक आलं किंवा घरातली माणसं गावाला गेली, की त्या दिवशी पोराचं पोट रिकामं. कुणाच्या घरी मायेनं वाढलं जायचं, कुणाच्या घरी पानावर बसल्या बसल्या टोमणे ऐकावे लागायचे. तरीही या सोयीनं पुण्यासारख्या गावांत कित्येक मुलं शिकली. मात्र ती बहुतेक ब्राह्मण कुटुंबांतली होती. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याला वार कोण देणार? कुणब्याच्या, मांगाच्या, महाराच्या पोराला ही दारं उघडी नव्हती. पुढची सगळी धडपड समजून घ्यायची तर हे आधी ध्यानात ठेवायला हवं.

धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले आणि दापोलीजवळच्या मुरुडात लहानाचे मोठे झाले. घरची गरिबी. इयत्ता सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर कोकणातून साताऱ्यापर्यंत पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये कुंभार्लीचा घाट. साताऱ्यात पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढी पायपीट करून नापास होण्याचीसुद्धा संधी मिळाली नाही. ते मॅट्रिक झाले 1881 मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. ही गोष्ट शाळांमधून चिकाटीचा धडा म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आणखी एक दिसतं. ज्याला लहानपणी दारातून परत पाठवलं गेलं, त्यानं 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झालं की कर्वे आश्रमासाठी सामान घेऊन हिंगण्यापर्यंत चालत जायचे.

मुलींच्या वाट्याला आलेले हाल वेगळ्याच जातीचे होते. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, माहेरच्या गोदूबाई जोशी, आठव्या वर्षी विधवा झाल्या. लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. असल्या मुलीला शिकवायचं ही कल्पनाच तेव्हा घरादाराला नको होती. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदासदन सुरू केलं आणि तिथल्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्तिसदन त्यांच्यासाठी उभं राहिलं. या संस्थांमधल्या धर्मांतरांवरून त्या काळी मोठं वादळ उठलं. त्या वादात एक साधी गोष्ट झाकली गेली. दुष्काळात टाकलेल्या त्या पोरींना छप्पर देणारे हात मुळात फार थोडे होते.

कोल्हापुरात याच काळात वसतिगृहांना राज्याचं बळ मिळालं. शाहू महाराजांची स्वतःची आई ते तीन वर्षांचे असतानाच गेली होती. राज्यकारभार हाती घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या शाळा काढून भागत नाही, कारण खेड्यातलं पोर शहरात येऊन राहणार कुठे? 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच साली जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे इतकी वसतिगृहं झाली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. ही बोर्डिंगं जातवार होती, आणि आज ते खटकतं. पण 1901 साली एका पंगतीला बसायला कुणी तयार नव्हतं, आणि आधी प्रत्येक समाजातल्या पोरांना निदान स्वतःची पंगत तरी हवी होती. पंगती एकत्र करण्याचं काम याच बोर्डिंगांतल्या एका विद्यार्थ्याच्या हातून व्हायचं होतं.

त्याआधी 1901 च्या सुमाराची एक हकीकत सांगायला हवी. ती डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि साताऱ्यात राहत होते. आई वारली होती. वडील खटाव तालुक्यात एका दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाऊ आणि भाचे मिळून चौघं मुलं त्यांना भेटायला निघाली. अंगात नवे कोट, डोक्यावर जरीच्या टोप्या, खिशात पैसे, बरोबर फराळ. मसूर स्टेशनावर उतरल्यावर घ्यायला कुणी आलं नव्हतं, कारण पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं. मुलं महार आहेत कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला. एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्यानं शेजारून चालायचं या अटीवर. वाटेत अंधार झाला. डब्यात खायला भरपूर होतं, पण पाणी मिळेना, म्हणून घास घशाखाली उतरेना. टोलनाक्यावर पाणी मागितलं तर तुमच्यासाठी इथं कुणी पाणी भरून ठेवलंय का, अशा अर्थाचं उत्तर आलं. मुलं तशीच उपाशीपोटी गाडीत झोपली.

पोरांकडे पैसा होता, अन्न होतं, कपडे तर नवेकोरे होते. तरी चौघं तहानलेली राहिली. 'गरिबीवर मात' या शब्दांत हे दुःख बसत नाही. हा मुलगा 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला होता, आणि तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मोठेपणी, 1925 साली, त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं. सभेच्या सुरुवातीच्या कामांतच वसतिगृह असावं यात मला नवल वाटत नाही.

मसूर आज ज्या कऱ्हाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या काले गावी 4 ऑक्टोबर 1919 रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. भाऊराव 1887 साली कुंभोजला जन्मले, घर जैन. शिकायला ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे शिक्षणही अर्धवट राहिलं. ओगल्यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून त्यांनी गावंच्या गावं पालथी घातली. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही हे बसल्या जागी कळतं. पोरं हुशार आहेत, पण शाळा दूर आणि हातात दमडी नाही, हे त्यांनी ओसरीवर बसून पाहिलेलं होतं.

1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं आणि तिथं सगळ्या जातींची पोरं एकाच छताखाली आणली. पोरांनीच दळायचं, पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, एका पंगतीत जेवायचं. 1927 साली गांधीजी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पैसा कायम अपुरा. गावोगावून मूठमूठ धान्य यायचं, कुणी जोंधळ्याचं पोतं टाकायचं. आणि जेव्हा काहीच यायचं नाही, तेव्हा लक्ष्मीबाई होत्या.

लक्ष्मीबाई पाटील यांच्याबद्दल लिहिताना मला थांबावंसं वाटतं, कारण या सगळ्या इतिहासात त्यांना हवी तेवढी जागा मिळालेली नाही. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातून त्या आल्या होत्या. नवऱ्यानं घरात सगळ्या जातींची पोरं आणून बसवली, तेव्हा त्यांना ते जड गेलं असणार. पण त्याच बाईनं त्या पोरांचं आजारपण काढलं, त्यांना जेवू घातलं आणि बोर्डिंग चालावं म्हणून अंगावरचा एकेक दागिना मोडला. शेवटी पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून मंगळसूत्रही गेलं. त्या काळात सवाष्ण बाईनं मंगळसूत्र मोडणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारावं. 1930 साली त्या गेल्या. रयतमध्ये त्यांना 'रयत माउली' म्हणतात. घरापासून तुटलेल्या पोराला शिकण्याचं बळ कुठून येतं याचं उत्तर शोधताना मी अशा माणसांपाशी येऊन पोचतो. पोराला ठाऊक असतं की कुणीतरी आपल्यासाठी स्वतःचं काही मोडलंय. मग तो सहजासहजी हार मानत नाही.

'कमवा आणि शिका' ही योजना याच अडचणीतून घडली. अण्णांना (भाऊरावांना पोरं अण्णा म्हणत) फुकट जेवणाची भीती वाटायची. वार लावून जेवणाऱ्याची मान खाली जाते, तशी आपल्या पोरांची जाऊ नये, ही त्यामागची ओढ होती. पोरं शेतात राबली, विहिरी खोदल्या, दगड फोडले आणि त्याच दगडांतून स्वतःच्या शाळेच्या भिंती उभ्या केल्या. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचं वाक्य, आणि बोधचिन्ह वटवृक्षाचं. 1932 मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघालं, 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. 1948 साली गांधीहत्येनंतर भाऊरावांनी सरकारवर कडक टीका केली आणि मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं. तेव्हा लोकांनी वर्गणी काढून शाळा चालवल्या, गाडगेबाबाही मदतीला आले. अनुदान पुढे पुन्हा सुरू झालं. भाऊराव 9 मे 1959 रोजी गेले.

कष्टाचं हे इतकं कौतुक मला पूर्ण मान्य नाही, हेही सांगतो. तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं दिवसभर दगड फोडून रात्री कंदिलाखाली गणितं सोडवावीत, ही काही आदर्श अवस्था नव्हे. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. भाऊरावांना श्रमाचं मोल वाटायचं ते जातीनं कामं वाटून दिलेल्या समाजात, जिथं ब्राह्मणाचं पोर आणि मांगाचं पोर एकाच विहिरीवर कुदळ मारतंय हीच क्रांती होती. तो संदर्भ सोडून आजच्या मुलाला 'आम्ही बघ कसे शिकलो' म्हणून ऐकवण्यात अर्थ नाही.

कऱ्हाडजवळच्याच देवराष्ट्रे गावी 1913 साली यशवंतराव चव्हाण जन्मले. ते अगदी लहान असताना वडील प्लेगनं गेले. आई विठाबाईंनी मुलांना वाढवलं. धीर द्यायला त्या म्हणायच्या, 'नका बाळांनो डगमगू, चंद्र-सूर्यावरील जाईल ढगू'. अक्षरओळख नसलेल्या बाईचे हे बोल यशवंतरावांनी आयुष्यभर लक्षात ठेवले. ते मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्या सरकारनं आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फी माफ केली. 'ईबीसी' या तीन अक्षरांवर खेड्यापाड्यांतली एक अख्खी पिढी कॉलेजात गेली. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे घातलेल्या खेपा अजून आठवतात. फी माफ झाली, पण राहण्या-जेवणाचा प्रश्न होता तिथंच राहिला.

आज हा प्रश्न सगळ्यांत टोकदार आहे तो ऊसतोड मजुरांच्या मुलांपुढे. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. वर्षाचे पाच-सहा महिने कारखान्याच्या आसपास कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, काढायचे. आई-बाप पहाटे फडात गेले की धाकट्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीण कोपीवर राहते, पाणी आणते, चूल पेटवते. तिची शाळा गावाकडे चालू असते, तिचं नाव पटावर असतं. कारखान्यांजवळच्या साखरशाळा झाल्या, मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं झाली, आणि 2021 मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. मुलींना घरी ठेवायला आजी-आजोबा तयार नसतात, जबाबदारी नको म्हणून. अशा घरांत वसतिगृह नसेल तर मुलगी फडावर जाते आणि बरेचदा तिचं लग्नही लवकर उरकलं जातं.

हंगामी वसतिगृहाचं सगळं गणित तारखेवर अवलंबून असतं. टोळी ट्रकमध्ये चढायच्या आधी वसतिगृहाचं दार उघडं असेल, स्वयंपाकाला बाई नेमलेली असेल आणि मुलींसाठी वेगळी, कडी लागणारी खोली असेल, तरच आई-बाप पोराला मागे ठेवतात. मंजुरीचा कागद महिन्याभरानं आला, तर तोवर मुलं फडावर पोचलेली असतात. गावातल्या शाळेचे शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीची माणसं टोळ्या निघण्याआधी घरोघर फिरून कोण जाणार, कोण राहणार याची यादी करू शकतात. यंदाची यादी करायची वेळ पोळा झाला की सुरू होते.